न उगवलेल्या जंगलाच्या तोडीची कबुली

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय उपग्रह-प्रतिमा सेवा केंद्र,
भूवापर नकाशे व सूचना विभाग

विषय : दगडखाणीच्या ढिगावरील 'दाट झाडी' तोडल्याचा आरोप मान्य करणेबाबत.
संदर्भ : आपली गेल्या आठवड्यातील नोटीस, तसेच अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, जे आपल्याकडे असतील, वाचलेले नसतील.

महोदय,

१. अर्जदार ही भूगोलाची पदवीधर असून तीन वर्षांच्या मुलीची आई आहे. पहिल्या गोष्टीचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही. दुसरीमुळे तिला टेकडीकडे बघत बसण्याची सवय लागली आहे. सासूबाईंच्या मते हे रिकामपणाचे लक्षण आहे.

२. मुलगी ज्या पाळणाघरात जाते, त्याच्या मागच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर दगडखाणीच्या टाकाऊ दगडमातीचा ढीग सुरू होतो आणि थेट वर चढत जातो. दोन वर्षांपूर्वी धुळीची तक्रार झाली, तेव्हा खाणमालकाने ढिगावर हिरवी जाळी अंथरली; बांधकाम चालू असलेल्या इमारतींना गुंडाळतात तसली. धूळ थांबली नाही. आपल्या नकाशावर मात्र तो ढीग 'दाट झाडी' म्हणून नोंदला गेला. इतरांना झाड वाढवायला खड्डा लागतो, पाणी लागते, दहा वर्षे लागतात. आपल्या केंद्रात एका दुपारीत जंगल होते, याबद्दल अभिनंदन.

३. आठ महिन्यांपूर्वी या जंगलातून दगड निसटू लागले. एक तर घसरगुंडीपाशी येऊन थांबला. जागेवर पाहणी व्हावी म्हणून अर्जदाराने तीन अर्ज केले. तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आले : सदर उतार झाडांच्या मुळांनी घट्ट धरलेला आहे, सबब पाहणीची आवश्यकता नाही. प्लास्टिकला मुळे कोणत्या ऋतूत फुटतात, हे कळवलेले नाही.

४. अर्जदार दोन बस बदलून स्वतः केंद्रात आली. दालनात पृथ्वीचा मोठा गोल फिरत होता आणि भिंतीवर 'देशाचा इंच न् इंच आमच्या नजरेत' असे लिहिले होते. चौकशीच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "बाई, उपग्रह शेकडो किलोमीटरवरून बघतो. तुम्ही चाळीस पावलांवरून बघून आम्हाला शिकवणार?" जिवंत पानांवरून जसा अवरक्त प्रकाश परततो तसा जाळीवरून परतत नाही, आणि तो मोजणारा पट्टा आपल्याच प्रतिमेत असतो, तो उघडून पाहिलात का, असे अर्जदाराने विचारले. त्यावर शेजारच्या टेबलावरून उत्तर आले, "हिरवं दिसतंय ना? मग हिरवंच आहे. कशाला उगाच खोलात शिरायचं!" एवढा मोठा डोळा आकाशात ठेवायचा आणि खाली त्याच्यापुढे डोळे मिटलेली माणसे बसवायची, ही योजना कोणाची, हे विचारायचे राहिले.

५. आपल्या माहितीपत्रकानुसार उपग्रह या टेकडीवरून दर सोळाव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. गेल्या खेपेस, खाणीला सुटी असताना, पाळणाघरातल्या दहा मुलांच्या नऊ आया कडेकडेने ढिगावर चढल्या आणि दहाच्या आत जाळी सोडवून, गुंडाळून रस्त्याकडेला रचून मोकळ्या झाल्या. जाळीखाली ढिगाला आडवी भेग गेलेली आहे. अर्जदाराचा हात तिच्यात कोपरापर्यंत गेला. निदान आता तरी वरून दिसेल, अशी आमची भाबडी समजूत होती.

६. दिसले. तीन अर्जांना आठ महिन्यांत जागचे न हललेले केंद्र आठ दिवसांत हलले आणि नऊही घरी नोटीस आली : पाव हेक्टर दाट झाडीची विनापरवाना तोड. नावे खाणमालकाने हौसेने पुरवली. तोडलेली झाडे दोनशे चाळीस, जात 'मिश्र'. जुळ्यांच्या आईने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, "अगं, आपल्याकडे कुऱ्हाड तरी होती का?" नव्हती. गाठी कापायला एक कात्री होती, तीही बोथट.

७. अर्जदाराचे यजमान म्हणतात, "माफी माग आणि सुटून जा." ओळखीचे वकील म्हणतात, साफ नाकारा. अर्जदाराने नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. असे करणारी ती बहुधा पहिलीच असावी. कलम नऊ सांगते की तोड नाकारल्यास प्रकरण कागदांवरच निकालात निघेल. मान्य केल्यास मात्र आपल्या अधिकाऱ्याने सात दिवसांत स्वतः जागेवर जाऊन उरलेली खोडे मोजणे बंधनकारक आहे.

सबब अर्जदार व तिच्यासोबतच्या आठ जणी शुद्धीत राहून मान्य करतात की, आम्ही जंगल तोडले. दोनशे चाळीस नव्हे, दोनशे एक्केचाळीस झाडे. आकडा जुळत नसल्याने मोजणी टाळता येणार नाही, असे वाटते.

अधिकाऱ्यांनी पायात बूट घालून यावे. खोडे भेगेच्या वरच्या अंगाने मोजायला घ्यावीत, आणि मोजून झाल्यावर खाली पाळणाघरात मुलांशेजारी पाच मिनिटे बसावे, भिंतीला पाठ लावून. अर्जदाराने आपल्या मुलीला घरी ठेवले आहे. बाकीच्या जणींना नोकऱ्या आहेत. त्यांची मुले आजही तिथेच डबा खातात, तिथेच दुपारची झोपतात.

आम्हाला शिक्षा काय करायची ते सावकाश ठरवावे. यायला मात्र उशीर करू नये.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
पाळणाघरातल्या सर्वांत लहान मुलीची आई
नोटिशीच्या मुदतीचा तिसरा दिवस

सोबत :
(अ) तोडलेल्या जंगलाचा हातभर तुकडा, घडी करून.
(ब) नऊ जणींच्या सह्यांचा कबुलीजबाब.
(क) पाळणाघराच्या मागच्या भिंतीला गेलेल्या तड्याची दोन छायाचित्रे. सोमवारच्या छायाचित्रात तड्यात एक बोट मावते, शुक्रवारच्या छायाचित्रात तीन.