पाठीचं माप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखर कमरेतून वाकलो. कसं जमलं ते पुढे कळेलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय? तीन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. पण ताई, या तीन महिन्यांत मी दुकान बंद करायच्या बेतात होतो, आणि हे तुला कोणत्या तोंडाने लिहायचं तेच कळेना.

झालं असं, की शिवून दिलेले कपडे परत येऊ लागले. पहिला कोट मुख्याध्यापिकाबाईंचा. कॉलर मानेपासून सुटलेली, पाठीवर चुण्याच चुण्या, उजवा खांदा उगाच वर. एकोणीस वर्षं मी त्यांचे कोट शिवतोय, डोळे मिटून शिवीन. माफी मागितली, उसवला, पुन्हा शिवला. आठवड्याने दातांचे डॉक्टर आले, मग बँकेतले कॅशियर. महिन्याभरात अकरा जण, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, पाठ. मी आधी फितीवर संशय घेतला (ताणली असेल), नवी आणली. मग कापडावर घेतला. सगळे तागे भिजवून वाळत घातले, दोन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तुझी भावजय माझ्याशी बोलत नव्हती. मग डोळे तपासून घेतले, तर नजर ठणठणीत. म्हणजे उरले हात. आपल्या अण्णांचे हात शेवटी कातर धरताना कसे थरथरायला लागले होते ते आठवतं ना? मी दुकान बंद करायचा हिशेब मांडायला बसलो.

आता अण्णांची एक शिकवण सांगतो, जी ते फक्त कातर धरणाऱ्यालाच सांगायचे. माणसाची पाठ सरळ नसते, पण कोट सरळ दिसला पाहिजे. ज्याचा खांदा उतरलाय त्याला आतून गादी द्यायची, ज्याला पोक आलंय त्याच्या कोटाची पाठ पाऊण इंच लांब कापायची, आणि हे गिऱ्हाइकाला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. मापाच्या वहीत नावापुढे एक टिंब म्हणजे खांदा, दोन म्हणजे पोक, तीन म्हणजे दोन्ही. परत आलेल्या अकराही जणांच्या नावांपुढे टिंबं होती. आणि कॅशियरसाहेबांच्या बोलण्यात सहज आलं, की हे सगळे आठवड्यातून तीनदा सकाळी ग्रंथालयामागच्या खोलीत जातात. तिथे कोणी निवृत्त परिचारिकाबाई चालणं-उठणं-बसणं शिकवतात. म्हणजे माझी मापं तिथे बिघडत होती! झालं, माझं डोकं फिरलं. वही बगलेत मारली आणि तडक भांडायला गेलो.

मला वाटलं होतं उड्या असतील, शिट्ट्या असतील, घाम असेल. तर अकरा माणसं खुर्चीवरून उठत होती. बस्, उठत होती. पण इतकी सावकाश आणि इतकं लक्ष देऊन, की मी दारातच थांबलो. पाय जमिनीला टेकलेत ते आधी जाणवू द्या, असं बाई सांगत होत्या. मग भरलेली बादली कशी उचलायची, रांगेत दोन्ही पायांवर कसं उभं राहायचं, चहाचं पाणी उकळेपर्यंत नुसता स्वतःचा श्वास कसा बघायचा. (याला शिकवणी कशाला, असं मलाही वाटलं.) मी तोंड उघडणार, तेवढ्यात नजर दातांच्या डॉक्टरांच्या पाठीवर गेली. तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून वाकून उजवीकडे कललेला तो माणूस बादली घेऊन उभा राहिला, आणि शर्टाखाली त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. माझ्या डोळ्यांदेखत, ताई! आत गादी नव्हती, की माझी एक टीप नव्हती. जन्मभर मी कापडात जे खोटं करत आलो, ते तिथे हाडामांसात खरं होत होतं. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. लाज कसली सांगायला.

मग बाईंनी मलाही बसवलं. खोल श्वास घ्या म्हणाल्या, आणि माझ्या ओठांत सवयीने तीन टाचण्या होत्या. एकच धावपळ. त्यातल्या दोन दातांच्या डॉक्टरांनी सराईतपणे काढल्या, तिसरी मी गिळली असं समजून वर्ग थांबला, तेव्हा ती माझ्याच कॉलरमध्ये सापडली. नंतर हात न टेकता उठायला सांगितलं, तर मी उठलो आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेली खुर्चीही माझ्याबरोबर उठली. बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही गावभरच्या पाठी पाहता. स्वतःची कधी पाहिलीत?"

आता मशिनची बॉबिन संपली की मी उठतो, दारापर्यंत जातो, मान वर करतो. ताई, समोरच्या इमारतीला तिसरा मजला आहे! सव्वीस वर्षं समोर बसून मला दुसऱ्यापर्यंतच माहीत होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज खिडकीची काच पुसतात, हल्ली मला हात करतात. इस्त्री धरली की माझा खांदा कानाशी जातो, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. ज्या देहात जन्मापासून बिऱ्हाड केलं, त्याची आपल्याला साधी ओळख नसावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं. असो. अकराही जणांचे कपडे नव्या मापाने कापले, टिंबं खोडली. दुकान चालू आहे.

भावोजींना नमस्कार. भाचरांना एकेक धपाटा, हळूच, पाठ सांभाळून.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. बाईंना प्रत्येकाच्या पाठीचं माप हवंय, आत्ताचं आणि तीन महिन्यांनंतरचं. शिंप्याला स्वतःच्या पाठीचं माप घेता येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हाती फीत देववत नाही. अण्णांनंतर घरात फीत धरता येते ती तुलाच. तेव्हा लवकर ये. आकडा जो काय येईल तो कानात सांग, दुकानात माणसं असतात.

आणखी एक ता. क. हे लिहू की नको, म्हणून पाकीट दोनदा उघडलं. गेल्या वर्षी निळा कोट घालून तू आरशासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, साठी उलटली तरी माझी पाठ बघ कशी ताठ आहे. ताई, ती पाठ माझी आहे, मी शिवलेली. वहीत तुझ्या नावापुढे अकरा वर्षं तीन टिंबं आहेत. पुढचा कोट मी टिंबांशिवाय कापलाय, आणि बाईंच्या वर्गात तुझं नावही घातलंय. रागवायचं असेल तर खुशाल रागाव, पण पत्रातून नको. ये आणि समोर उभी राहून रागाव.