आउटडोअर युनिटचं तापमान

३ मार्च, संध्याकाळ
रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संख्या जरा कमी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलो नाही. फक्त पाणी मागितलं. दोनदा.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की पुरुषाचा हा ऐवज निसर्गाने शरीराबाहेर का टांगलाय. आत सदतीस अंश. शुक्राणू तयार व्हायला त्याहून दोन-अडीच अंश कमी लागतात. म्हणून कारखाना घराबाहेर. गारठा वाढला की आपोआप वर ओढला जातो, उकडलं की खाली सैल सुटतो. मी म्हणालो, थोडक्यात, स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मी पंधरा वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहे. सहा खोल्या बटाट्याच्या, एक सफरचंदांची. तापमान मला कोणी शिकवू नये. आणि माझ्याच युनिटमध्ये बिघाड?

कारणही सापडलं. दिवसभर गारठ्यात काम, म्हणून घरी आल्यावर रोज पाऊण तास कढत पाण्याच्या टबात बसतो. बाईंनी टब बंद सांगितला. तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाल्या. उद्यापासून बंद. आज शेवटचा दिवस म्हणून पूर्ण तासभर बसलो.

ही म्हणतेय डायरी पुरे, इकडे ये. पुरे.

४ मार्च, सकाळी ६
प्रकल्प सुरू.

मुलाची वाट बघतोय, चार वर्षं झाली. दर महिन्याला ही बाथरूममधून बाहेर येते आणि सरळ कपडे वाळत घालायला जाते. धुतलेले कपडे नसले तर वाळलेलेच परत दोरीवर घालते. मला ते बघवत नाही.

नियम: सैल पायजमा. गार अंघोळ. कामावर ठेवतो तशी लॉगशीट, दर दोन तासांनी नोंद. लक्ष्य साडेचौतीस अंश. शेजारच्या माणसाची ऊबही हिशेबात धरावी लागते, म्हणून खिडकीखाली वेगळी गादी घातली. ही म्हणाली, असं बाईंनी सांगितलंय का? मी म्हणालो, बाई डॉक्टर आहेत, रेफ्रिजरेशनवाल्या नव्हेत.

७ मार्च
कामावरून बटाट्यात खुपसायचा थर्मामीटर आणला. खुपसला नाही अर्थात, नुसता टेकवला. टोक बर्फासारखं. ओरडलो. आईने दार ठोठावून विचारलं काय झालं. पाय घसरला म्हणालो. आई म्हणाली, बाहेर ये, शेकून देते. नको म्हणालो.

११ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सफरचंदांच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. दोन अंश. वीस मिनिटांत युनिट जवळजवळ गायब. बाईंनी सांगितलं होतं, पण इतकं? मी थंड करतोय आणि ते उबेला आत पळतंय. माझ्याच यंत्राचं कंट्रोल पॅनल माझ्या हातात नाही.

हमालांचे मुकादम आत आले. ध्यान करताय का म्हणाले. हो म्हणालो. उद्यापासून तेही बसणार आहेत.

१६ मार्च
वाचनात आलं, हत्तीचा हा सगळा कारखाना पोटात असतो. तरी पिल्लं होतात. म्हणजे हत्ती टबात बसू शकतो. हा उघड पक्षपात आहे.

आणि आमचं काय? एवढी नाजूक वस्तू, ना वर हाड, ना झाकण. सायकलचा दांडा, टेबलाचा कोपरा, भाचीचा गुडघा, सगळे टपलेले. डिझाइन करणारा जागेवर येऊन बघून गेला नसावा.

२२ मार्च
सुट्टी. फ्रीजरमधली मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून मांडीत ठेवली. कोपऱ्याकोपऱ्यात बसते. उत्तम. वापरून झाल्यावर परत फ्रीजरमध्ये. लॉगशीटवर पहिल्यांदा साडेचौतीस आलं. हिला दाखवलं. ही बराच वेळ लॉगशीटकडे बघत राहिली. कौतुक वाटलं असावं.

२९ मार्च
पिशवी सापडेना. आईने मटारभात केला होता. सगळ्यांनी मागून मागून घेतला. मी उपास आहे म्हणालो. ही मात्र दोन घासांत उठली. वास सहन होईना म्हणाली. हिला कळलं की काय? विषय काढला नाही.

५ एप्रिल
तीन महिने थांबायची गरज नाही. बाईंचा अंदाज सर्वसाधारण माणसांसाठी असणार. माझ्या लॉगशीटवर सलग चौदा दिवस उत्तम नोंदी आहेत. बुधवारी गुपचूप तपासणी. रिपोर्ट घेऊनच हिच्यासमोर उभा राहीन.

८ एप्रिल
लॅबने दिलेल्या कागदावर लिहिलंय: नमुना घरून आणत असल्यास डबी आतल्या खिशात, अंगाशी धरून, तासाभरात आणावी. हसू आलं. अंगाशी! ज्या उष्णतेने घात केला तिच्याच स्वाधीन करायचं?

कामावरचा आइस बॉक्स नेला. चहूबाजूंनी जेल पॅक. आत चार अंश, काटा हलला नाही. लॅबवाल्या ताईंनी झाकण उघडलं आणि विचारलं, मासळी आहे का?

९ एप्रिल
रिपोर्ट. एकही हलत नाही.

लॅबवाल्या ताई म्हणाल्या, तयार होईपर्यंत त्यांना गारवा लागतो हो, पण एकदा घर सोडलं की ऊबच लागते. तुम्ही सगळ्यांना गारठवून मारलंत. कागद वाचला नाहीत का? मी म्हणालो, वाचला. त्यांनी तोच कागद परत माझ्या हातात दिला.

दुसरा नमुना द्या म्हणाल्या. दिला नाही. तोही असाच निघाला तर? रिपोर्ट स्वेटरांच्या खाली लपवला. आज लॉगशीट भरली नाही. ही कपडे वाळत घालत होती, तिकडे बघितलं नाही. खूप वाईट वाटतंय.

१३ एप्रिल
ही म्हणाली, चल, डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. मला वाटलं लॅबवाल्या ताईंनी चुगली केली. वाटेत तीन खुलासे तयार केले. एकही लागला नाही. आतल्या खोलीत ही आडवी झाली आणि बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. एक ठिपका. लुकलुकत होता. बाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत. ही म्हणाली, आठवडाभर माहीत होतं, खात्री झाल्याशिवाय तुला सांगायचा धीर होईना.

मी आधी तारीख विचारली. लॉगशीट खिशातच होती. बाई म्हणाल्या, गर्भ राहून सहा आठवडे होत आले, तीन मार्चच्या आसपास. मी म्हणालो, चार नसेल का? नक्की चार नाही? प्रकल्प चारला सुरू झाला.

ही म्हणाली, चार तारखेपासून तू खिडकीखाली झोपतोयस.

बाई खोकत खोकत बाहेर गेल्या. मी परत पडद्याकडे बघितलं. नऊ महिने सदतीस अंशांवर, आणि मला कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. डोळ्यांना पाणी आलं. हिने विचारलं, तेव्हा म्हणालो, समोर एसीचा झोत आहे. त्या खोलीत एसी नव्हता.

घरी आल्यावर गादी उचलून पलंगाखाली ठेवली.