ओढ्याकाठची सात कासवं

४ मे
आज सातवं सापडलं. मादी. ओढ्यापासून दोनशे पावलांवर, पडलेल्या झाडाच्या आडोशाला अळंबी खात होती. पाठ अशी की कोणी लाकडात कोरून काढलीय — एकेका खवल्यावर एकात एक कडी, मधोमध उंचवटा. डोकं काळं, मान आणि पाय विटकरी-केशरी. थंडीत ओढ्याच्या तळाशी, उन्हाळ्यात रानात. आमच्या कासव-गणनेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "चाळिशीच्या पुढची असणार. तुझ्यापेक्षा मोठी, अहोजाहो कर." वहीत जागा टिपली. जागा बाहेर बोलायची नाही, ही कामाची पहिली अट.

९ मे
ताईकडे जेवायला. दाजींचं नेहमीचंच — "कासवं मोजायचाही पगार मिळतो होय?" सगळे हसले. मग मी फुशारकीत बोलत सुटलो. किती दुर्मिळ, घरी पाळायला हौशी लोक कसे वाटेल तेवढे पैसे मोजतात, लाकडी पुलाच्या वरच्या अंगाला वाळूचा काठ, माद्या अंडी घालायला तिथेच येतात. दाजी जेवायचं थांबून ऐकत होते. मला बरं वाटलं.

१७ मे
काठ रिकामा. वाळूत बुटांचे ठसे. दिवसभर शोधलं, सातातली पाच नाहीत. मॅडम चिखलातच बसल्या. "अंडी घालण्याजोगं व्हायला पंधरा वर्षं लागतात यांना," एवढंच बोलल्या.
घरी आलो. नऊ तारखेचं पान पुन्हा वाचलं.

१८ मे
ओढ्यावरच्या राखणदाराला मॅडमनी कामावरून काढलं. जागा मॅडम, मी आणि तो — तिघांनाच ठाऊक. "तुम्ही तरी सांगा हो, मी तसला नाही," तो मला म्हणाला. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. ती सुटलेली नव्हती.

१९ मे
भ्याड.

२१ मे
शेवटी ताईला फोन केला. काय बोलून बसलो ते सांगितलं. म्हटलं, दाजींच्या गॅरेजमध्ये बघ. तिने एवढंच विचारलं, "उद्या ऑफिसात किती वाजता असतोस?"

२२ मे
ताई खोकं घेऊन स्वतःच आली. पाचही जिवंत. मॅडमना म्हणाली, "भावाच्या वहीतून जागा मीच चोरून पाहिली, नवऱ्याला मीच सांगितली. याला यातलं काही माहीत नाही."
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी मान डोलावली.