पियानोची लाल बनात

यमुना,

पियानोची लोखंडी चौकट संत्र्याच्या ट्रकात टाकून पांढुर्ण्याले भंगारवाल्याकडे चाललो. तुले उठवलं नाही. उठवलं असतं तर कालचं भांडण पुन्हा सुरू झालं असतं.

तू रागात पियानोच्या पट्ट्या चुलीत घातल्या. बाई, त्या पट्ट्यांत वजनासाठी शिसं ठोकलेलं असते. ते विष आता राखेत उतरलं आहे. त्या राखेनं भांडी घासू नको. चहा स्टोव्हवर कर.

"घराची वखार करून टाकली" म्हणालीस, ते खरं आहे. पण क्लबातला मोडका पियानो मी हौसेनं नाही आणला. तुझ्या बाबांच्या बाजाच्या पेटीतली बनात, ते पट्ट्यांखालचं लोकरी कापड, उंदरांनी खाल्ली, तेव्हापासून भाता मारला का नुसती हवा फुसफुसते. तशी बनात सौंसरात कुठं मिळत नाही. पियानोच्या पट्ट्यांखाली मिळाली, लाल आणि जाड. रोज रात्री गोठ्यात बसून तीच कापून पेटीत चिकटवून राहिलो होतो, आणि तुले वाटलं मी घर सोडून गोठ्यात राहाले गेलो.

हिरामण भजन मंडळात सगळ्यांसमोर बोलला, "वहिनीच्या पेटीले दमा झाला, पौर्णिमेले विहारात मीच वाजवतो." मी म्हटलं, "तू ढोलकीच सांभाळ. पेटीवर यमुनाच बसते." तुले न विचारता बोललो.

आज पौर्णिमा आहे. पेटी पलंगाखाली ठेवली आहे. मी संध्याकाळी सरळ विहारात येतो. माझ्याशी बोलू नको, पण वाजव. रागात असलीस तर रागातच वाजव. आता हवा सुटत नाही.

सुखदेव