कर्नलसाहेबांच्या वाटचे घास

लार्किन काउंटी, अलाबामा
बुधवार

तीर्थस्वरूप ऑर्फामावशीस,

डेलमरचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आत त्याला टर्पेंटाइन चोळत जा. (संपलं असेल तर मी आणून देईन, त्या निमित्ताने भेटही होईल.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी आणि डुकरं. लुरलीनने माझ्याशी अबोला धरलाय. नवराबायकोतल्या भांडणाची कारणं एरवी घरातच राहतात, पण आमचं कारण येत्या मंगळवारी मतपेटीत जाणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लुरलीनचा थोरला भाऊ कर्नल हायरम टारवॉटर माझ्या लग्नाच्या आधीपासून काउंटी कमिशनचा अध्यक्ष आहे. (सैन्यात तो कधीच नव्हता. पहिल्या निवडणुकीचा फलक रंगवणाऱ्याने जागा उरली म्हणून नावाआधी 'कर्नल' लिहिलं, आणि चांगला रंग वाया घालवणं हायरमला पटेना.) शेरीफशी हाणामारी केली म्हणून एकदा ऐन प्रचारात त्याला कोठडीत टाकलं. त्याने खिडकीच्या गजांतून भाषणं केली, निवडून आला, आणि आल्या आल्या ती खिडकी मोठी करून घेतली. डांबरी रस्ता त्याने आधी स्वतःच्या मासे धरायच्या तळ्यापर्यंत नेला, मग पाद्रीबाबांना सांगून त्याच तळ्यात बाप्तिस्मे सुरू करवले. त्यानंतर रस्त्यावर टीका करणारा माणूस थेट देवाच्या विरोधात बोलल्यासारखा दिसू लागला. काउंटीतल्या प्रत्येक अंत्यविधीला तो जातो आणि पोटभर रडतो. एकदा इतका रडला की मयताच्या भावाने विचारलं, "कर्नल, आमच्या वेस्लीशी तुमची ओळख कधीची?" हायरम डोळे पुसत म्हणाला, "होणारच होती हो. तेवढ्यात हे असं झालं."

यंदा त्याच्यासमोर कोणी उभंच नाही. मतपत्रिकेवर एकटा हायरम आणि त्याच्याखाली ती नेहमीची कोरी ओळ, जिथे मतदाराला हवं त्याचं नाव लिहिता येतं. (आजवर त्या ओळीवर फार तर एखाद्या खेचराचं नाव पडायचं.) पण प्रचार केल्यावाचून हायरमला करमत नाही, आणि आपल्याकडे प्रचार म्हणजे चर्चच्या अंगणातली जेवणं. लांब टेबलांवर प्रत्येक बाईने आणलेला पदार्थ उमेदवाराने तिच्यासमोर चाखायचा आणि दोन शब्द बोलायचे. एकीचं भांडं चुकलं की तिच्या माहेरची मतं गेली, आणि सासरचीही. त्यात डॉक्टरांनी हायरमचं गोड, तळलेलं, खारट, सगळंच बंद केलं. मग त्याने तोड काढली. मी त्याची गाडी चालवतोच, तर पाठीमागे ताटली घेऊनही उभं राहायचं. तो चमचा भरणार, तोंडाजवळ नेणार, तारीफ करणार, आणि कोणाचा तरी हात हातात घ्यायला वळताना घास माझ्या ताटलीत टाकणार. उन्हाळाभर मी त्याच्या वाटचं जेवलो. माझ्या पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली, पण त्याबद्दल कोणी दोन शब्द बोललं नाही.

गेल्या रविवारी माउंट निबोच्या चर्चमध्ये युला स्ट्राउडबाईंनी चीज घालून भाजलेला भोपळा आणला होता. वरून पिवळा, कडा तपकिरी. हायरमने चमचा नाकाखालून फिरवला आणि डोळे मिटून म्हणाला, "अहाहा, युला, अशी गोड खीर माझ्या आईनंतर मी खाल्लेली नाही."

सगळं टेबल माझ्या ताटलीकडे पाहू लागलं. युलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "डेलमर, तू सांग रे," त्या म्हणाल्या.

मी घास गिळला. "काकू, मीठ बरोबर आहे," मी म्हणालो. "वरचा पावाचा चुरा करपायच्या आत काढलात तेही बरं केलंत. मिरी थोडी कमी आहे."

"मी घरातच म्हटलं होतं, मिरी कमी आहे," युलाबाई म्हणाल्या. "बायांनो, ज्याने खाल्लं त्यालाच मत द्यायचं. ती कोरी ओळ कशाला ठेवलीय?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी काउंटीभर झाली. हायरम माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. "भावोजी, माझ्याच ताटातलं खाऊन माझीच खुर्ची?" म्हणाला. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. येत्या रविवारचं जेवण तुमच्या सँड हॉलोत आहे, तिथे मी उभं राहून नकार जाहीर करावा असं त्याचं म्हणणं आहे. मी हो म्हणालोय. सँड हॉलोतलं एकही मत तुझ्या शब्दाबाहेर जात नाही, तेव्हा सगळ्यांना सांग की ओळ कोरी सोडा. मला खुर्चीचा मोह नाही.

तुझा,
डेलमर

ता. क. : तू आधीच लोकांना माझं नाव सांगून बसली असशील, तर आता शब्द फिरवू नकोस. या वयात ते तुला शोभणार नाही.

ता. क. : लुरलीनने पाठीमागून पत्र वाचलं आणि अबोला सोडला. अध्यक्षाच्या बायकोला कमिशनच्या कचेरीच्या दारात गाडी लावता येते का, एवढंच विचारलं.

ता. क. : रविवारी घसा बसण्याची चिन्हं आहेत, त्यामुळे नकार बहुधा जाहीर करता येणार नाही. तू नारळाचा केक मात्र आण, मी सगळ्यांदेखत दोनदा मागून घेईन. आणि मतदान केंद्रातल्या पेन्सिली बोथट असतात. तुमच्याकडच्यांना घरूनच टोक काढून आणायला सांग.