कुंडीतलं एकच जास्वंद

भूमिका,

"आई, त्या फुलाला हात लावू नको हां, खिडकीत ऊन आलं की जवळून फोटो काढायचाय," असं बजावून तू झोपलीस. मी हो म्हटलं, नाय लावला हात. पण आज झाडाला तेवढं एकच फूल, आणि गणपतीला जास्वंद वाहिल्याशिवाय मी पाणी पीत नाय, हे तुला ठाऊक आहे ना? आणि वरून, फुलावर उजेड पाडायला देवाचं ताम्हण उचललंस! विचारायचं तरी गो!

ताम्हण मागं नको, बाजूला ठेव. मागं ठेवलंस तर त्यात तूच दिसशील.

चहा झाकलाय. शेणवे गावातल्या आपल्या हौशीच्या कुंपणाला जास्वंद आहे, तिथपर्यंत चालत जाऊन येते. तहान लागलीय, पण शब्द तुलाही दिलाय आणि गणपतीलाही.

आई