हाक कोणी घेतली नाही

सोमवार, ५ मे

धुळ्याहून सहाची एसटी धरली, एरंडोलला चहा घेतला, नऊच्या आत जळगाव. जागा बेस आहे. एमआयडीसीच्या टोकाला शेड, पुढे ऑफिस, मागे गोडाऊन, आवारात मोठा निंब. मालक रविंद्रभाऊ गेटपर्यंत घ्यायला आले आणि सगळ्यांसमोर मला 'नाना' करून टाकलं. वय बेचाळीस, पण चालेल. फुकट मिळालेला मान परत करू नये.

कंपनी केळी पिकवायच्या चेंबरसाठी नेटवर्क कार्ड बनवते. कच्ची केळी आत रचायची, दार लावायचं, गॅस सोडायचा. आत किती गरम, किती गॅस हे कार्ड वायरीवरून ऑफिसला कळवतं. दाराची विजेची कडीही तेच लावतं आणि सोडतं. या कार्डाचं कॉम्प्युटरशी बोलणं करून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो मी तपासायचा, खाली सही करायची, मग माल रावेर-सावद्याकडे निघणार. माझ्या सहीशिवाय खोकं हलणार नाही.

माझ्याआधी प्रेमराज नावाचा इंजिनिअर होता. सुरतेला चांगली जागा मिळाली म्हणून गेला, असं भाऊ म्हणाले. सांगताना चावी बोटाभोवती फिरवत होते.

मी मूळचा मोटारी भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळणारा. नूर महंमद चाचांच्या दुकानात कान तयार झाला. रस्त्यावरून जाताना सांगायचो, बेअरिंग गेलंय की कॉइल जळतेय. कॉम्प्युटर नंतर शिकलो, जुन्या पुस्तकांवर. पदवी नाही. पदवीवाल्यांच्या चुका काढायला ती लागतही नाही. चाचांचीच सवय, काम हाती असेतो खिशात वही आणि पेन्सिल, रोज दोन ओळी.

बुधवार, ७ मे

प्रेमराजचा ड्रायव्हर वाचला. म्हणे अभियांत्रिकीत पहिला आला होता. कुठून पहिला, ते विचारलं पाहिजे.

ड्रायव्हर सुरू होतो पाच पायऱ्यांनी. कार्ड जागं करायचं. मेमरी मागून घ्यायची. दाराची कडी लावायची. हाक मारायची लाइन घ्यायची. शेवटी नेटवर्कवर नाव लावायचं. आवरताना उलट्या क्रमाने, पाचवीपासून पहिलीपर्यंत. हे कोणत्याही मांडववाल्याला कळतं. शेवटी बांधलेली दोरी आधी सोडायची, नाहीतर मांडव आपल्याच डोक्यावर.

हाकेची लाइन म्हणजे चेंबरात दाराशेजारी एक लाल बटण आहे. आत कोणी अडकला तर त्याने ते दाबायचं. कार्ड लाइनीवरून मशीनला हाक मारतं, मशीन ऑफिसात भोंगा वाजवतं. बटण आहे म्हणून आतून हाताने कडी सोडायला साधा दांडासुद्धा ठेवलेला नाही. गॅस बाहेर येऊ नये म्हणून कडी एकदा बसली की वीज गेली तरी बसलेलीच.

मागच्या गोडाऊनला चाचणीचा एक चेंबर आहे, खोलीएवढा. सहा महिन्यांत कोणी वापरलेला दिसत नाही.

मंगळवार, १३ मे

काल बुद्धपौर्णिमेची सुट्टी. आज संघमित्राने डबाभर खीर आणली. ही भुसावळची, रेल्वे कॉलनीतली, दोन वर्षांपासून इथे. कोड नीट लिहिते, पण प्रत्येक ओळीला भिते. मी म्हणालो, बाई, इतकं भिऊन तर कोणी विस्तवही फुंकत नाही. हसली नाही. खीर मात्र झकास.

दुपारी एक गंमत. चाचणी संपवून ड्रायव्हर नीट आवरला. पाचही पायऱ्या उलट्या सोडल्या. त्यानंतर वीस मिनिटांनी मशीनच्या नोंदवहीत ओळ उमटली. मशीन इंग्रजीत लिहितं, अर्थ असा: हाक आली, कोणी घेतली नाही.

चेंबर रिकामा. ड्रायव्हर बंद. लाइन कोणाच्या नावावर नाही. सैल वायर असणार. पहिल्या नंबरच्या इंजिनिअरने आवळलेले स्क्रू आहेत.

गुरुवार, १५ मे

वायर सैल नाही. बटण खोलून बघितलं, आतले पत्रे चकचकीत. पाल नाही, मुंगी नाही.

हाका रोज येतात, दोन वाजून वीस मिनिटांनी सुरू होतात. आधी भराभर, मग अंतर पडत जातं, मग एक लांब. मग काही नाही. उन्हाने धातू फुगतो, असं मी संघमित्राला समजावलं. त्रेचाळीस डिग्रीत जळगावात काय फुगत नाही? ती म्हणाली, नाना, ऊन तर सकाळी अकरालाही असतं. शिकलेल्या लोकांना उलटं बोलायची खाज असते.

झाडूवाली भागाबाई चेंबरात झाडायला जात नाही. दाराशी पाण्याचा तांब्या ठेवून परत फिरते. मी तो तांब्या निंबाला ओतला. ती बघत राहिली. देव नको, डॉक्टर नको, तांब्या पुरे. असली ही मंडळी.

सोमवार, १९ मे

संघमित्रा कागद घेऊन आली. सुरू होतानाच एखादी पायरी हुकली तर काय, हे तिने तपासलं होतं. चौथी हुकली, म्हणजे हाकेची लाइनच मिळाली नाही, तर कोड थेट दुसरीवर उतरतो; मेमरी परत देतो, कार्ड झोपवतो. तिसरी पायरी सुटते. म्हणजे कडी लागलेली राहते, आणि बटणाला ऐकणारं कोणी नाही. तिथे प्रेमराजने एक अर्धी ओळ लिहून सोडलीय, 'इथे दार'. पुढे काही नाही.

मी विचारलं, ही लाइन कधी नाकारली गेलेली पाहिलीस? ती म्हणाली, नाही. मग कशाला रडतेस? मी म्हणालो, अकरा वर्षांत लाइन मिळाली नाही असं मशीन मी बघितलेलं नाही. न होणाऱ्या लग्नाचा मांडव सोडायची चिंता कशाला. ती म्हणाली, नाना, उद्या त्या दारामागे हमाल असतील. एक ओळ लिहायची, दहा मिनिटं.

दहा मिनिटांचा प्रश्नच नव्हता. पोरीने चूक काढली आणि मी मान डोलावली, तर उद्या सगळे डोलवायला लागतील. मी सही केली. भाऊंनी पेढा भरवला. शुक्रवारनंतर माल निघेल.

मंगळवार, २० मे

भिंतीपलीकडे भागाबाई फोनवर बोलत होती. माझ्या कानांना भिंत म्हणजे पडदा. बहिणीला सांगत होती, सुरत कसली, तो दोन दिन मझार व्हता. कोणीच वनं नही. तो दोन दिवस आत होता, कोणी आलं नाही.

शुक्रवारी दुपारी आत गेला, ती सांगत होती. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी. रविवारी दार उघडलं.

भाऊंना विचारलं. चावी फिरवत म्हणाले, नाना, हार्टचा प्रॉब्लेम होता त्याला, आणि तुम्ही सही केलीये ना? केलीये.

प्रेमराजची कीव येते. स्वतः लिहिलेल्या कोडवर भरवसा ठेवून आत कोण जातं?

बुधवार, २१ मे

आज हाकांनी नोंदवही भरली. चौदाशे ओळी. हाक आली, कोणी घेतली नाही. हाक आली, कोणी घेतली नाही. भाऊंनी बघितलं तर माल अडेल. संघमित्रा बघेलच.

मी मशीनला हुकूम सोडला, ही लाइन कोणालाच द्यायची नाही. तोंडच बंद केलं. जुन्या ओळी पुसल्या. नोंदवही एका क्षणात कोरी.

संघमित्राला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे.

गुरुवार, २२ मे

नोंदवहीत काही नाही. दोन वीसला गोडाऊनच्या भिंतीतून ऐकलं —

टक. टक टक. टक.

बटणाचा आवाज. पत्र्याला पत्रा टेकतो तो. मी खोललेलं आहे ते बटण, आवाज ओळखतो.

शेजारी संघमित्रा बसली होती. तिला काही ऐकू आलं नाही. भागाबाईने मात्र झाडू थांबवला.

आधी भराभर. मग अंतर. दमलेला माणूस दाबतो तसं. शेवटचा लांब, जणू अंगठा उचलायची ताकद राहिली नाही —

कोणीतरी चेष्टा करतंय. सही करणाऱ्या माणसाचे शत्रू पुष्कळ.

शुक्रवार, २३ मे, दुपारी दोन

सगळे चाळीसगावला, भाऊंच्या भाच्याच्या हळदीला. वरण-बट्टी झोडणार. मी गेलो नाही. आवार रिकामं, चेष्टेला माणूस नाही. आज आवाज कुठून येतो ते आत उभं राहून ऐकणार.

मशीनवर चाचणी लावलीय, पंधरा मिनिटांनी आपोआप चालेल. ड्रायव्हर उठेल, कडी लागेल, मिनिटभराने आवरेल, कडी सुटेल. कडीचा आवाज कसा होतो तेही ऐकून घेतो, मग दोन वीसपर्यंत आतच थांबतो. फोन टेबलावर चार्जिंगला; आतल्या जाड पत्र्यात रेंज नसतेच.

दोन सोळा

आत. दार लोटून घेतलं. दिवा आहे. कडी बसली, चांगला भरीव ठोका. प्रेमराजचं हे एक काम बरं होतं.

दोन अठरा

मिनिट झालं. दोन झाली.

दोन एकोणीस

लाइन.

मीच बंद केली. कोणालाच द्यायची नाही. ड्रायव्हरने लाइन मागितली, मिळाली नाही, चौथी हुकली, तो थेट दुसरीवर — मेमरी दिली, कार्ड झोपवलं, काम चोख आवरलं आणि तिसरी —

दहा मिनिटं म्हणाली होती. एक ओळ.

दोन एकोणीस, अजून

खांदा मारला. पाठ मारली. दार जाड आहे. फटच नाही, ओरडणं माझ्याच कानात परत येतं. उद्या शनिवार, सुट्टी. परवा लग्न, सगळे तिकडेच. भाऊ रविवारी संध्याकाळी — संघमित्रा सोमवारी —

बटण दाबून उपयोग नाही. मला माहीत आहे. माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. ऐकणारं कोणी ठेवलंच नाही मी.

तरी दाबतो. माणूस दाबतोच.

दोन वीस

हात नेला. बटण आधीच आत गेलेलं आहे. सुटलं. परत आत गेलं. भराभर. माझा हात अजून त्याला लागलेलाच नाही आणि ते —

बोटाला बोट लागलं. गार. घामेजलेलं. ते बाजूला झालं, मला जागा करून दिल्यासारखं, आणि माझा अंगठा धरून बटणावर —